भाड्याच्या घरातील स्वयंपाकघर आगीपासून सुरक्षित कसे ठेवावे

भाड्याच्या घरातील स्वयंपाकघराची मालकी दोघांत विभागलेली असते. केटल, टोस्टर, मिक्सर ही उपकरणे बहुधा भाडेकरूची असतात. परंतु ती ज्या सॉकेटला जोडली जातात ते सॉकेट, त्यामागून भिंतीत शिरणारी वायर आणि तिच्या दुसऱ्या टोकाची एमसीबी (भार फार वाढला की पुरवठा आपोआप तोडणारी कळ) घरमालकाची असते. ती वायर किती जुनी आहे, किती जाडीची आहे, मध्येच कोणी तिला जोड दिला आहे काय, हे पुष्कळदा त्या मालकालाही ठाऊक नसते. विजेमुळे लागणाऱ्या आगी मात्र अनेकदा याच सांध्यावर, म्हणजे प्लग आणि सॉकेट जेथे एकमेकांना भेटतात तेथे सुरू होतात. म्हणून स्वतःच्या घरात जे माहितीवर चालते ते भाड्याच्या घरात खुणांवरून ओळखावे लागते, भिंतीतील वायरवर बेतानेच भार टाकावा लागतो, आणि जे आपल्या हाताने दुरुस्त करता येत नाही ते वेळेवर व लेखी कळवावे लागते.

पहिल्या दिवशीची पाहणी

सामान लावण्यापूर्वी रिकामे स्वयंपाकघर नीट पाहून घ्यावे, कारण ओट्यावर डबे आणि उपकरणे मांडली गेली की त्यांच्या मागची सॉकेट पुढे कित्येक महिने दिसत नाहीत. सॉकेटची प्लेट भिंतीला घट्ट बसली आहे का, छिद्रांभोवती तपकिरी किंवा काळा डाग आहे का, प्लास्टिकला भेगा किंवा फुगवटा आला आहे का, हे उजेडात पाहावे. त्यानंतर एखादा चांगल्या स्थितीतील प्लग प्रत्येक सॉकेटमध्ये खोचून तो घट्ट बसतो की स्वतःच्याच वजनाने खाली झुकतो ते तपासावे. सैल बसणारे सॉकेट दिव्यासाठी चालून जाईलही, पण तापणाऱ्या उपकरणासाठी ते बाद समजावे. शेगडीच्या अगदी वर असलेले किंवा नळाचे पाणी उडेल इतके जवळ असलेले सॉकेटही वापरू नये.

त्यानंतर विजेच्या मुख्य पेटीकडे जावे. एकेक एमसीबी खाली करून कोणत्या एमसीबीने स्वयंपाकघराचा पुरवठा तुटतो हे पाहावे आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी. धुराने डोळे चुरचुरत असताना हा शोध घेता येत नाही. पेटीत ‘टेस्ट’ असे लिहिलेले बटण असलेले आरसीसीबी असेल तर ते बटण दाबावे, त्यासरशी पुरवठा तुटला पाहिजे. घरगुती वापराचे आरसीसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअर इतकी विजेची गळती, म्हणजे ठरलेली वाट सोडून वाहणारा प्रवाह, जाणवताच वीज तोडते. त्याचे मुख्य काम माणसाला झटक्यापासून वाचवणे हे असले, तरी ओलाव्यामुळे किंवा झिजलेल्या आवरणामुळे होणाऱ्या गळतीतून उद्भवणारी आगही त्यामुळे टळू शकते. बटण दाबूनही काही घडले नाही, तर ते यंत्र असून नसल्यासारखे आहे आणि हे त्याच दिवशी घरमालकाला कळवले पाहिजे. जुन्या घरांत एमसीबीऐवजी तारेचे फ्यूज असतात. वारंवार फ्यूज जातो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घातलेली असण्याची शक्यता असते, आणि तशी तार घातल्यावर फ्यूज वितळण्याऐवजी भिंतीतील वायरच तापत राहते. याची खात्री वायरमनकडूनच करून घ्यावी.

तीन छिद्रांचे सॉकेट दिसले म्हणजे मागे अर्थिंगची वायर आहेच असे नाही. सॉकेटमध्ये खोचून दिव्यांच्या खुणेवरून जोडणी उलटी आहे की अर्थिंग तुटलेले आहे हे सांगणारा छोटा सॉकेट टेस्टर मिळतो. अर्थिंग किती चांगले आहे हे त्यावरून कळत नाही, पण ते मुळीच नसेल तर कळते, आणि भाडेकरूला घरमालकाशी बोलण्यासाठी तेवढे पुरेसे असते. माझ्या मते नव्या घरासाठी करायच्या खरेदीत हा टेस्टर कोणत्याही नव्या उपकरणाच्या आधी यावा.

घरासोबत मिळालेली उपकरणे, विशेषतः आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेली, फुकट मिळाली म्हणून लगेच वापरात आणू नयेत. त्यांच्या मागे किंवा तळाशी असलेल्या पट्टीवरून मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा, उत्पादकाच्या संकेतस्थळावर ते मॉडेल दोषामुळे परत मागवलेले नाही ना हे पाहावे, आणि त्याची माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी. वायरीवर चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, प्लगची एखादी पिन काळवंडलेली असेल किंवा मॉडेलची पट्टीच फाडलेली असेल, तर ते उपकरण वापरण्यास आपला नकार आहे असे लिहून कळवावे.

भाराचा हिशोब

हा भाग सर्वांत कमी समजून घेतला जातो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला पुरवठ्याच्या व्होल्टने भागले की ते किती अँपिअर प्रवाह ओढते हे कळते. पुरवठा 230 व्होल्टचा असेल तर 2000 वॅटची केटल सुमारे 8.7 अँपिअर ओढते आणि 900 वॅटचा टोस्टर सुमारे 3.9 अँपिअर. मायक्रोवेव्हच्या बाबतीत फसगत होते, कारण दारावर ठळकपणे लिहिलेले 800 वॅट ही अन्नाला मिळणारी शक्ती असते. भिंतीतून तो त्याहून बरीच जास्त, समजा 1300 वॅट, शक्ती घेतो, म्हणजे सुमारे 5.7 अँपिअर. खरा आकडा मागच्या पट्टीवर असतो. ही तिन्ही उपकरणे सकाळच्या घाईत एकाच वेळी चालली तर बेरीज 18 अँपिअरच्या वर जाते. पुरवठा 120 व्होल्टचा असेल तेथे तर 1500 वॅटचे एकच उपकरण 12.5 अँपिअर घेते.

आता पुष्कळ जण असे म्हणतात की भार जास्त झाला तर एमसीबी पडेलच, मग काळजी कशाला? एमसीबी तशी काम करत नाही. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती आपल्या क्षमतेच्या 1.13 पट प्रवाहाला तासभर तरी पडता कामा नये, आणि 1.45 पट प्रवाहाला मात्र तासाभराच्या आत पडलीच पाहिजे. म्हणजे 16 अँपिअरच्या एमसीबीतून 18 अँपिअर वाहत राहिले तर ती गप्प राहते, आणि 23 अँपिअरलाही तासभर वेळ घेऊ शकते. वायर योग्य जाडीची असेल तर ती एवढे सोसते. पण भाड्याच्या घरातील वायर योग्य जाडीची आहे हेच तर आपल्याला ठाऊक नसते. शिवाय वायरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एमसीबी पडत नाही याचा अर्थ एवढाच की तिची मर्यादा ओलांडली गेलेली नाही. त्यावरून भिंतीच्या आत काय चालले आहे हे कळत नाही.

सैल जोडणी तर एमसीबीला मुळीच दिसत नाही. सॉकेटमधील पितळी पट्टी सैल झाली किंवा स्क्रू ढिला पडला की त्या जागी थोडासा रोध निर्माण होतो. तो अर्धा ओहम जरी असला आणि त्यातून 10 अँपिअर वाहत असले, तरी त्या वाटाण्याएवढ्या जागेत 50 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नएवढी. प्रवाह नेहमीइतकाच असल्याने एमसीबीच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते, आणि इकडे प्लास्टिक आतून भाजत असते. याच्या खुणा माणसालाच ओळखाव्या लागतात: प्लग काढल्यावर पिना चटका बसेल इतक्या गरम लागणे, सॉकेटमधून बारीक तडतड ऐकू येणे, केटल चालू करताच दिवे मंदावणे किंवा लुकलुकणे, आणि जवळपास मासळी नसताना मासळीसारखा वास येणे. हा वास तापलेल्या प्लास्टिकच्या भागांतून येतो आणि तो ओल्या कचऱ्याचा असेल असे समजून लोक कचऱ्याचा डबा धुऊन काढतात. वास पुन्हा पुन्हा येत असेल तर सॉकेटांना हाताच्या पाठीने, प्लेटला बाहेरून स्पर्श करून पाहावे.

प्लग तापत असेल तर दोष प्लगचा की सॉकेटचा हे ठरवण्यासाठी लोक तो दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहतात, आणि एकदा तपासण्यापुरते ते योग्यही आहे. मात्र पिना काळ्या पडल्या असतील तर तो प्लग पुढे कोठेही वापरू नये, कारण भाजलेल्या पिना नीट टेकत नाहीत आणि एका सॉकेटने बिघडवलेला प्लग मग घरातील इतर सॉकेट बिघडवत सुटतो.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दलचा नियम सोपा आहे आणि तो पाळणे अवघड आहे, कारण भाड्याच्या स्वयंपाकघरात सॉकेट नेहमीच कमी असतात. जे उपकरण उष्णता निर्माण करते ते, आणि फ्रिज, थेट भिंतीतील सॉकेटलाच जोडावे. बोर्डावर मिक्सर, वजनकाटा, चार्जर अशी हलकी उपकरणे चालतील. एका बोर्डाला दुसरा बोर्ड कधीही जोडू नये. रिळावर गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन वायरीवर दोन क्षमता लिहिलेल्या असतात, एक पूर्ण उलगडलेल्या वायरीची आणि दुसरी गुंडाळलेल्या वायरीची, आणि दुसरी पहिलीपेक्षा बरीच कमी असते; गुंडाळीच्या आतील उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. एका प्रकारची पिन दुसऱ्या प्रकारच्या सॉकेटला जोडणारे ‘सर्व देशांत चालणारे’ अडॅप्टर प्रवासात मोबाइल चार्ज करण्यापुरते ठीक आहेत, पण त्यावर केटल किंवा ओव्हन लावू नये. सॉकेट कमीच असतील तर उपकरणे एकामागून एक वापरावीत, आणि दोन उपकरणांसाठी कायमचे नवे सॉकेट बसवून मिळावे अशी मागणी घरमालकाकडे करावी. स्वतः भिंत फोडून जोडणी करणे भाडेकराराच्या दृष्टीनेही चुकीचे आणि धोक्याच्या दृष्टीनेही.

शेगडी आणि तेल

विजेबद्दल एवढे लिहिले असले तरी हे सांगितलेच पाहिजे की घरांना लागणाऱ्या आगींचे सर्वांत मोठे कारण स्वयंपाक हेच आहे आणि त्यातही पेटत्या शेगडीकडे लक्ष नसणे हे. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था तेथील आकडेवारीवरून वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे. तळण चालू असताना स्वयंपाकघरातून बाहेर जाऊ नये. जायचेच झाले, दार वाजले म्हणून का होईना, तर आधी शेगडी बंद करावी. मंद आचेवर दीर्घकाळ शिजणाऱ्या पदार्थांसाठी खिशात राहील असा गजर लावावा.

तळणासाठी तेल साधारण 170 ते 190 अंश सेल्सिअस तापमानाला असते. ते त्यापुढे तापत गेले की प्रकारानुसार कमीअधिक तापमानाला धूर सोडू लागते, आणि तरीही आच चालूच राहिली तर साधारण 350 अंशांच्या आसपास किंवा त्याच्या पुढे ठिणगीशिवाय स्वतःहून पेट घेते. धूर ही त्या तेलाची शेवटची सूचना असते. धूर दिसताच आच बंद करावी आणि भांडे जागचे हलवू नये. कढई अर्ध्याहून जास्त भरू नये, ओले पदार्थ निथळून मगच सोडावेत, आणि कढईला नीट बसेल असे सपाट धातूचे झाकण तळण सुरू करण्यापूर्वीच हाताशी ठेवावे. काचेचे झाकण आगीत तडकू शकते.

इंडक्शन शेगडीला ज्योत नसते म्हणून ती आगीपासून मुक्त आहे असा समज आहे, तो खरा नाही. ती भांडे गॅसपेक्षा फार लवकर तापवते आणि तळाशी थोडेसेच तेल असेल तर ते पाहता पाहता धुरावर येते. तापमान ओळखणारा तिचा संवेदक काचेखाली असतो, त्यामुळे तळ वाकलेल्या भांड्याचे तापमान त्याला उशिरा कळते. भांडी सपाट तळाचीच वापरावीत. सुटी इंडक्शन शेगडी जागेअभावी गॅसच्या शेगडीवर ठेवण्याची पद्धत तर अत्यंत धोकादायक आहे. तिच्या तळाशी हवा आत घेणारी छिद्रे असतात, ती झाकली जातात, आणि चुकून खालच्या बर्नरची कळ फिरली तर संपूर्ण यंत्रच ज्योतीवर येते.

हाच प्रकार काचेच्या सपाट विद्युत शेगडीबाबत अधिक घडतो. लहान घरात ती ओट्याचाच भाग वाटते आणि तिच्यावर केटल, एअर फ्रायर, पिशव्या, कापडे ठेवली जातात. मग पोटाचा किंवा पिशवीचा धक्का लागून बटण फिरते आणि प्लास्टिकचा तळ वितळून पेट घेतो. शेगडी बंद असली तरी तिच्यावर काहीही ठेवायचे नाही, हा नियम घरातील सर्वांसाठी ठरवून घ्यावा. शेगडीभोवती एक मीटरच्या आत कागदी टॉवेल, पडदे, तेलाच्या प्लास्टिकच्या बाटल्या नसाव्यात आणि लहान मुलांनीही त्या अंतराच्या बाहेरच राहावे. सैल बाह्यांचे कृत्रिम धाग्याचे कपडे घालून शेगडीपलीकडे हात लांबवू नये.

शेगडीवरच्या चिमणीची जाळी तेलकट झाली की ती ज्योत वर ओढून घेणारे इंधनच बनते. नियमित तळण होत असेल तर महिन्यातून एकदा ती गरम साबणाच्या पाण्यात धुवावी. चिमणी आणि शेगडी यांतील अंतर पुस्तिकेत दिलेले असते, बहुधा 65 ते 75 सेंटिमीटर. भाड्याच्या घरात ते कमी आढळले तर कळवावे.

गॅस

सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो गळला तर जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. गळती कळावी म्हणून दोन्हींत उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वास आला तर विजेचे कोणतेही बटण, चालू असो वा बंद, हाताळू नये. रेग्युलेटर किंवा मुख्य कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि दूरध्वनी बाहेर गेल्यावरच करावा. एलपीजी असेल तर तळघराकडे किंवा जिन्याच्या खोलगट भागाकडे जाऊ नये. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. रबरी नळीवर तिच्या वापराची मुदत किंवा निर्मितीचे वर्ष छापलेले असते, ते घर घेतानाच पाहावे. नळी वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा ती ओव्हनच्या गरम पाठीला टेकून गेलेली असली, तर मुदतीची वाट न पाहता ती बदलून मागावी. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहणे हीच घरगुती तपासणीची योग्य रीत होय, काडी पेटवून पाहणे नव्हे. निळ्या ज्योतीची जागा पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीने घेतली तर बर्नरला हवा पुरेशी मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होत असण्याची शक्यता असते. थंडीत खोली उबदार करण्यासाठी बर्नर पेटता ठेवणे याच कारणासाठी टाळावे.

इतर उपकरणे

मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नये. धातूची तार असलेले बांधणीचे धागे, आतून चंदेरी पापुद्रा असलेली पाकिटे आणि पुनर्वापराचा कागद आत ठेवू नये, कारण अशा कागदात कधी कधी धातूचे कण असतात. लहानसा कोरडा पदार्थ नेमलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवला की त्यातील पाणी संपते आणि तो आतून जळू लागतो. आत ज्वाळा दिसल्या तर दार उघडू नये. हवा न मिळाल्याने बहुतेक वेळा त्या तेथेच विझतात. प्लगपर्यंत सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर तो काढावा, अन्यथा मुख्य पेटीवरून पुरवठा तोडावा.

टोस्टरच्या तळाशी चुऱ्याचा ट्रे असतो हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. तो आठवड्याला रिकामा करावा आणि टोस्टर भिंतीवरील कपाटाखाली किंवा पडद्याजवळ ठेवून वापरू नये. एअर फ्रायरची गरम हवा बहुधा मागून बाहेर पडते, तेव्हा मागे पुस्तिकेत सांगितलेले अंतर मोकळे असावे. त्यात घालायचा कागद अन्नाच्या वजनाखालीच ठेवावा, कारण रिकाम्या यंत्रात तो उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतो आणि पेटतो. केटलचा तळ आणि बैठक कोरडी हवी. मिक्सरला पुस्तिकेत लिहिलेली विश्रांती द्यावी. ओव्हन ही भांडी ठेवण्याची जागा नव्हे. डिशवॉशर आणि ओव्हन रात्री सर्व जण झोपल्यावर चालतील अशी वेळ लावून ठेवणे टाळावे.

फ्रिजकडे कोणी आगीच्या दृष्टीने पाहत नाही, कारण तो थंड करतो. परंतु तो घरातील दिवसरात्र चालू राहणाऱ्या मोजक्या उपकरणांपैकी एक आहे. लंडनमधील 24 मजली ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी लागलेल्या आणि 72 बळी घेणाऱ्या आगीची सुरुवात चौथ्या मजल्यावरील एका घराच्या स्वयंपाकघरातील फ्रिजपाशी, विजेच्या दोषातून झाली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. ती आग इमारतभर का पसरली याची कारणे वेगळी होती, भिंतींवरील ज्वलनशील आवरण हे त्यांतील मुख्य. तरी ठिणगी सामान्य घरगुती उपकरणाची होती. फ्रिजच्या मागची धूळ वर्षातून एकदोनदा प्लग काढून साफ करावी, मागे हवा खेळेल इतकी जागा सोडावी आणि त्याच्यावर टोस्टर किंवा मायक्रोवेव्ह ठेवू नये. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू थंडाव्यासाठी वापरलेला असतो, म्हणून साचलेला बर्फ सुरीने खरवडणे धोक्याचे आहे. नळी फुटली तर तो वायू बंद कप्प्यात साचतो.

घरमालकाला कळवणे

भाजलेले सॉकेट दिसूनही पुष्कळ भाडेकरू गप्प राहतात, कारण अनामत रकमेतून पैसे कापले जातील अशी त्यांना भीती वाटते. भीती समजण्यासारखी आहे, पण हिशोब उलटा आहे. डाग पहिल्यांदा दिसला त्या दिवशीचे छायाचित्र आणि लेखी निरोप हाच भाडेकरूच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा असतो, आणि डबा पुढे ओढून झाकून ठेवलेला डाग घर सोडताना भाडेकरूच्याच नावावर पडतो. निरोपात तक्रारीचा सूर नसावा, वस्तुस्थिती असावी. उदाहरणार्थ:

“नमस्कार. स्वयंपाकघरातील खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये केटल लावली असता प्लग चटका बसेल इतका तापतो, आणि उजव्या छिद्राभोवती तपकिरी डाग पडला आहे. तीच केटल दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहिली, तेथे प्लग तापत नाही. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आजपासून ते सॉकेट मी वापरणे थांबवले आहे. परवानाधारक वायरमनकडून ते कोणत्या दिवशी बदलून मिळेल, हे कृपया कळवावे.”

बोलणे दूरध्वनीवर झाले असले तरी त्यानंतर असा निरोप पाठवावाच. दुरुस्ती झाल्यावर वायरमनने काय बदलले हे एका ओळीत लिहून मागावे. केवळ प्लेट बदलली आणि मागची जळकी वायर तशीच ठेवली, असे घडू शकते. वीजव्यवस्थेची शेवटची तपासणी कधी झाली हे करारावर सही करण्यापूर्वी विचारणे मुळीच गैर नाही. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनुसार खाजगी भाड्याच्या घरांतील वीजव्यवस्था किमान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. जेथे असा नियम नाही तेथेही पाच वर्षे हे माप विचारण्यासाठी योग्यच आहे. घरमालकाचा विमा साधारणपणे इमारतीचा असतो, भाडेकरूच्या सामानाचा नसतो, हेही या निमित्ताने स्पष्ट करून घ्यावे.

अनेक जण मिळून राहत असतील तर धोका थोडा निराळा असतो: प्रत्येकाला वाटते की शेगडी दुसऱ्याने बंद केली असेल. ज्याने पेटवली त्यानेच विझवायची आणि शेवटी झोपणाऱ्याने एकदा पाहून यायचे, एवढे ठरवले तरी बरेच भागते. खोलीत पलंगाशेजारी केटल किंवा छोटी शेगडी चालवणे सर्वांनी मिळून बंद करावे.

इशारा आणि विझवण्याची साधने

धूर ओळखणारा अलार्म स्वयंपाकघरातच बसवला तर तो फोडणीच्या धुरालाही वाजतो, आणि कंटाळून कोणीतरी त्याची बॅटरी काढते. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा अलार्म आणि बाहेरच्या बोळात, झोपण्याच्या खोल्यांजवळ, धूर ओळखणारा अलार्म हीच योग्य मांडणी होय. दरमहा बटण दाबून तो वाजतो का ते पाहावे. साधारण 10 वर्षांनी संपूर्ण अलार्मच बदलावा लागतो, आणि तयार झाल्याची तारीख त्याच्या पाठीवर असते. छताला भोक पाडण्याची परवानगी लेखी मागितली तर ती नाकारणारे घरमालक थोडेच असतात.

विझवण्याचे यंत्र किंवा आग झाकण्याचे जाड कापड शेगडीच्या वर किंवा मागे टांगू नये, कारण आग लागल्यावर हात त्या आगीवरूनच न्यावा लागेल. ते बाहेर पडण्याच्या दाराजवळ असावे. यंत्र घेताना ते तेलाच्या आगीसाठी योग्य असल्याची खूण पाहावी. सामान्य पावडरीचे यंत्र ज्वाळा दाबते पण तेल थंड करत नाही, त्यामुळे ते पुन्हा पेटू शकते, आणि जोरदार झोत जवळून मारला तर पेटते तेल उडते.

आग लागलीच तर

तेल पेटले तर आच बंद करावी, झाकण आपल्या बाजूने पलीकडे सरकवत भांड्यावर ठेवावे आणि भांडे पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे बराच वेळ, ते उचलून पाहू नये. पेटते भांडे उचलून नळाखाली किंवा बाहेर नेऊ नये. पाणी तर कदापि टाकू नये: ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, क्षणात वाफ बनते, वाफ होताना सुमारे 1700 पटींनी फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. विजेचे उपकरण पेटले तर आधी पुरवठा तोडावा. आग एका भांड्यापुरती किंवा एका उपकरणापुरती असेल आणि बाहेरचे दार आपल्या पाठीशी असेल, तरच ती विझवण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या प्रयत्नात ती दबली नाही, किंवा कपाटाला अथवा चिमणीला लागली, तर सर्वांना बाहेर काढावे, जाताना स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे, लिफ्ट न वापरता जिन्याने उतरावे आणि बाहेरून अग्निशमन दलाला कळवावे. बंद दार धूर आणि उष्णता काही मिनिटे तरी रोखून धरते. पळताना ते सताड उघडे टाकल्यास हीच मिनिटे वरच्या मजल्यावरील लोकांच्या हातून जातात.

लहानशी आग आपणच विझवली असली तरी ती घरमालकाला त्याच दिवशी कळवावी. जळलेले उपकरण फेकून न देता छायाचित्रे काढून बाजूला ठेवावे, आणि ते ज्या सॉकेटवर होते त्याची एमसीबी पुन्हा वर करण्यापूर्वी सॉकेट व त्यामागची वायर वायरमनकडून उघडून पाहून घ्यावी.